हलीमाबी आणि तीन पायांचा हत्ती

हलीमाबी कुठलंही कापड हातात घेतलं की आधी हुंगायची. बघायची नंतर. आणणारी बाई घाईत असो, रागात असो, तिला फरक पडत नसे. कापडाची घडी नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि पंचनामा लिहून घ्या अशा आवाजात सांगायची, "पेटीत कापूर ठेवता. पेटी लोखंडाची हाये. अन् घरात कोनीतरी तमाखू खाते, पन चोरून." शेवटच्या दोन शब्दांना ती बाई इकडंतिकडं बघायला लागत असे.

मी जानेफळला ग्रामसेविका म्हणून गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, पंचायत समिती त्याहून नवी होती आणि मी सगळ्यांत नवी होते. सांगलीकडची बावीस वर्षांची मुलगी. जवळ सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, एक ट्रंक, आणि ट्रंकेत टाक्यांच्या नमुन्यांची जाडजूड वही. गावातल्या स्त्रियांना शिवण, भरतकाम आणि स्वच्छता शिकवावी असं माझ्या नेमणूकपत्रात लिहिलं होतं. त्या स्त्रियांना यातलं काही आधीच येत असेल, ही शक्यता त्या पत्रात कुठंच नव्हती. माझ्या डोक्यातही नव्हती.

गावच्या पाटलांनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या. एकीत मी राहायची, दुसरीत महिला मंडळ भरायचं. पहिल्या दिवशी मी वही उघडून धावदोरा, साखळीटाका, गहूटाका असे एकेक नमुने फिरवले. शेवटी बसलेल्या एका सडपातळ, पांढऱ्या ओढणीतल्या म्हातारीनं वही घेतली आणि नमुन्याचं कापड नाकाला लावलं.

"दुकानाचा वास येऊन राह्यला. कोनं वापरलं नाई हे?"

"हा नमुना आहे," मी म्हणाले.

"मंग ठीक," ती म्हणाली. "नमुन्याले कोन पांघरते."

बायका पदराआड हसल्या. ती हलीमाबी. नवरा पिंजारी होता, तो गेल्यावर कापूस पिंजायचं त्याचं काम तिनं सोडलं, पण रजया, दुलया भरायचं आणि शिवायचं चालू ठेवलं. घरात ती उर्दू बोलायची, गल्लीत वऱ्हाडी, आणि माझ्याशी बोलताना जरा सावकाश, थोडं ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं.

तिला मी शिष्य समजत होते हे आज लिहिताना कान गरम होतात. ती मात्र रोज यायची. मी शिकवायला लागले की कापड उलटं करून मागची बाजू बघायची. "समोरून सारेच नटते बाई. मांगून पाहा, मंग मानूस समजते." माझ्या वहीतले सगळे नमुने पुठ्ठ्याला चिकटवलेले होते. मागची बाजू दिसायची सोयच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मेहकरला तालुक्याचं हस्तकला प्रदर्शन भरणार असं कळलं. प्रत्येक मंडळानं एक वस्तू आणायची होती. आमच्या मंडळात विणलेल्या चार पिशव्या आणि एक उसवत चाललेला टेबलक्लॉथ होता. मी चिंतेत होते. त्याच आठवड्यात पाटलीणबाईंनी, म्हणजे पाटलांच्या पत्नी सुभद्राबाईंनी, मागच्या अंगणात पेटीतले कपडे उन्हाला घातले आणि मला तो अभरा दिसला.

अभरा म्हणजे रजईचा वरचा थर. हा जाड मांजरपाटाचा होता, जुना होऊन सायीच्या रंगावर गेलेला, आणि त्यावर इंच न् इंच भरतकाम. मोर, राघू, तुळशीवृंदावन, कडेनं लाल कमळं, मध्यभागी अंबारीचा हत्ती. पाटलांच्या आईनं भरलेला. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती. अस्तर कधी लागलं नाही, कापूस कधी भरला नाही. हत्तीसुद्धा तीनच पायांवर उभा होता. चौथ्या पायाच्या जागी गेरूनं काढलेली पुसट रेघ होती. तीस वर्षं दर दिवाळीआधी पाटलीणबाई तो काढायच्या, उन्हाला घालायच्या आणि पुन्हा पेटीत ठेवायच्या.

मी पाटलांना विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. "माह्या आईच्या हातचं हाये बाई. डोळे जाईपर्यंत भरत होती. तालुक्यात नाव झालं पाह्यजे तिचं. घेऊन जा, साफ करा, पुरं करा. पन जपून. तिची तेवढीच निशानी हाये."

पाटलीणबाईंनी अभरा आणला. घडी घालून माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

'जपून' याचा अर्थ मला प्रशिक्षणात शिकवला होता. कोमट पाणी, धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवणे. मी घंगाळात पाणी जरा जास्तच गरम केलं, कारण मळ तीस वर्षांचा होता. सोडाही त्याच हिशेबानं टाकला. अभरा बुडवला आणि नोंदवही लिहायला बसले.

परत येऊन पाहते तर घंगाळातलं पाणी गुलाबी. कमळांचा लाल दोरा रंग सोडत होता आणि आजूबाजूचा मांजरपाट तो रंग पीत होता. कडेची कमळं तर गालावर मारल्यासारखी दिसत होती.

त्या क्षणी मला सांगलीची गाडी किती वाजता असते ते आठवायला लागलं. पाटील रागीट होते. त्यांच्या एका शब्दावर मंडळ बंद झालं असतं आणि माझी नोकरीही गेली असती. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला त्यांचे भरलेले डोळे आठवत होते. मी ते ओलं बोचकं घमेल्यात टाकलं, वर टॉवेल झाकला आणि मागच्या दारानं पिंजारगल्लीत गेले.

हलीमाबी खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होती. मी टॉवेल काढला. तिनं वाकून अभऱ्याचं टोक नाकाशी नेलं. एवढं आभाळ कोसळलेलं असताना ही बाई हुंगते आहे याचा मला संताप आला.

"सोडा," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगलं. "अन् त्याच्या खाली कापूर, कडुनिंब. मानसाचा वासच नाई याले. हे कोनंच पांघरलं नाई?"

"हलीमाबी, रंग गेला! काय करू मी?"

"रंग गेला नाई. गेला असता त बरं झालं असतं. फिरायले निघाला हाये, जिथं जाऊ नाई तिथं." ती उठली. "सुकू द्याचं नाई. सुकला का घर करते. पानी आना."

"किती?"

"पानी आना," ती पुन्हा म्हणाली, आणि किती ते मला दोन दिवसांनी कळलं.

तिच्या अंगणात गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, गुरं नसल्यानं रिकामी. ती तिनं घासून घेतली. आधी नवऱ्याचं जुनं धोतर तळाला पसरलं, त्यावर अभरा अंथरला आणि विहिरीचं गार पाणी ओतलं. पाणी गुलाबी झालं की धोतराची चार टोकं चौघींनी धरायची, अभऱ्याला हात न लावता उचलायचं, पाणी सोडायचं, पुन्हा पसरायचं, पुन्हा गार पाणी. "ओलं कापड म्हनजे बाळंतीन. दंडाले धरून उठवाची नाई. पाण्यानं भारी झालं का आपल्याच वजनानं फाटते."

मी पिळायला हात पुढं केला तर तिनं हातावर चापट मारली. "तुमच्या टिरेनिंगमधी बसून राह्याचं शिकोलं का नाई?"

नव्हतं शिकवलं. 

पाणी मी शेंदत होते, हलीमाबीची सून शेंदत होती, दुपारपासून गल्लीतल्या दोघी-तिघी हात लावायला आल्या. प्रत्येकीला मी बजावत होते, पाटलांच्या घरी कळू देऊ नका. जी ती "नाई जी, काऊन सांगू" म्हणून मान हलवत होती. विहिरीवरून इतकं पाणी एका घरात जाताना सगळं गाव बघत होतं, आणि मी गुपित राखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बरंच निवळलं होतं. आम्ही धोतराची टोकं धरून उभ्या होतो आणि अंगणाच्या तोंडाशी डोक्यावर घागर घेऊन पाटलीणबाई आल्या. पाटलांच्या घरची बाई डोक्यावर पाणी घेऊन पिंजारगल्लीत. माझ्या हातातलं टोक सुटलं.

त्यांनी डोणीत वाकून पाहिलं. कमळांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"थंडच पाह्यजे ना?" त्यांनी हलीमाबीला विचारलं आणि घागर ओतली.

मी काहीतरी बोलायला गेले, रडूच आलं. पाटलीणबाई काठावर बसल्या. "रडता काऊन? तुमाले ठाऊक हाये का बाई, या कापडाले मी तीस सालात आज पह्यल्यांदा हात लावून राह्यली. उन्हात घालते, घडी करते, तेवढंच. सासू म्हने, तुहा हात जाडा हाये, टाका घालशील त माहा मोर कावळा दिसन. मरताना बी पेटीची किल्ली लेकाजवळ देल्ली. अन् ते म्हनते, आईची माया हाये यात." त्या डोणीतल्या गुलाबी पाण्याकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "धुवा. चांगलं धुवा."

त्या दिवसापासून गावात ही गोष्ट फक्त पाटलांना ठाऊक नव्हती.

दोन दिवस गार पाणी, मग रिठ्याचं पाणी, मग पुन्हा गार पाणी. त्यानंतर सुतळीच्या खाटेवर चादर टाकून, अभरा पालथा घालून, कडुलिंबाच्या सावलीत वाळवला. मी उन्हात लवकर वाळेल म्हणाले. हलीमाबीनं खाट आणखी हातभर सावलीत ओढली. वाळल्यावर अभरा सायीसारखा उजळला होता, हिरव्या राघूंचं हिरवेपण परत आलं होतं. पेटीच्या गंजाचा एक डाग आणि कडेच्या दोन कमळांभोवती फिकट गुलाबी छाया मात्र राहिली. 

"याला काही करता येणार नाही?" मी विचारलं.

"येते ना. आनखी घासलं त डाग जाईन. अन् डागाच्या मांगं मांगं कापड बी जाईन." तिनं मागची बाजू वर केली आणि बोटानं टाके चाचपले. पाटलांच्या आईचं काम मागूनही पुढच्यासारखंच होतं, एक गाठ दिसत नव्हती. हलीमाबीनं बोट एका मोरावर टेकवलं. "बाई कडक होती," ती म्हणाली, "पन हात सोन्याचा. खोटं काऊन बोला."

मग पुरं करायचं काम. सैल झालेले दोरे तिनं मागून टिपले, विरलेल्या जागी आतून जुन्याच कापडाचे तुकडे लावले. अस्तराला पाटलीणबाईंनी स्वतःचं मऊ झालेलं लुगडं दिलं. मध्ये कापसाचा पातळ थर. हे सगळं करायच्या आधी राहिला होता हत्तीचा पाय.

मला वाटलं तो हलीमाबी भरणार. तिनं सुईत काळा दोरा ओवला आणि सुई पाटलीणबाईंपुढं धरली.

"मी नाई बाप्पा," पाटलीणबाई मागं सरकल्या. "माहा हात जाडा हाये."

"हाव, हाये," हलीमाबी म्हणाली. "हत्तीचा पाय होय हा. बारीक हाताचं काम नाई."

पाटलीणबाईंनी सुई घेतली. पहिला टाका घालायला त्यांना इतका वेळ लागला की मी दोनदा घसा खाकरला. दोन दिवस त्या दुपारी येऊन बसायच्या. पाय झाला तो बाकीच्या तिघांपेक्षा ठळक, जरा वाकडा, घोट्याशी सुजल्यासारखा. मी म्हणाले, थोडा उसवून पुन्हा घालूया का? हलीमाबीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कापूस आणायला उठले.

प्रदर्शनाला पाटील हलीमाबी, पाटलीणबाई आणि मला घेऊन स्वतः मेहकरला आले, नवं पागोटं घालून. शाळेच्या सभागृहात दोरीवर आमची रजई टांगली होती. जिल्ह्याहून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून एकेका वस्तूपुढं थांबत होते. आमच्यापुढं ते फार वेळ थांबले. मी हलीमाबीच्या मागं सरकले, कारण त्यांचं बोट नेमकं त्या दोन कमळांवर होतं.

"अप्रतिम," ते म्हणाले. "कमळाभोवतीची ही गुलाबी आभा! दोऱ्याचा रंग कापडात विरघळत नेलाय. हे तंत्र आता लोप पावलं. कसं साधलंत हे?"

मी छताकडं बघत होते. हलीमाबीचा एक नियम होता, तो ती वारंवार सांगायची: विचारल्याशिवाय खरं सांगायचं नाही, आणि विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. आता तर सरकारी माणसानं विचारलं होतं.

"डाग हाये साहेब," ती म्हणाली. "या बाईनं गरम पाण्यात सोडा टाकला, रंग सुटला. आमी दोन दिवस धुतल्लं. जेवढा निघाला नाई तेवढा हा राह्यला."

मग परीक्षक मोठ्यानं हसले. "बघा!" ते सोबतच्या मंडळींना म्हणाले. "खरा कलावंत आपलं गुपित असं झाकतो. केवढा हा विनय!" पाटीलही हसले, पोट धरून. "आईबी अशीच होती साहेब. इचारलं त कायीच सांगे नाई."

इतकं स्पष्ट खरं बोललेलं मी त्याआधी कुणाला ऐकलं नव्हतं, आणि इतक्या सहज वाया गेलेलंही. हलीमाबी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी त सांगतल्लं."

परीक्षकांनी मग हत्तीवर बोट टेकवलं. "हा एक पाय तेवढा नवशिक्याच्या हातचा वाटतो. दोष आहे तो एवढाच."

"तो माहा होय," पाटलीणबाई म्हणाल्या.

पाटील हसायचे थांबले. बायकोकडे त्यांनी असं पाहिलं की जणू ती बोलू शकते हे त्यांना मेहकरला येऊन कळलं. पाटलीणबाईंनी मान खाली घातली नाही. "माह्या हातचा होय," त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं, परीक्षकांना नीट ऐकू जावं म्हणून.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं, 'पारंपरिक रंगछटांच्या पुनरुज्जीवनाबद्दल'. हलीमाबीचं नाव कुठंही नव्हतं. मी ते बदलून मागायला कचेरीत गेले तर कारकुनानं सांगितलं, मंडळाच्या प्रमुखाचंच नाव लागतं. तो चुकत नव्हता. चुकत कुणीच नव्हतं.

मला ते फार लागलं. त्या काळात मंडळाला अर्धवेळ शिवणशिक्षिका नेमायची परवानगी आली. मी छापील अर्ज घेऊन हलीमाबीच्या अंगणात गेले. तिला नोकरीची हौस नव्हती, माझी हौस बघून ती तयार झाली.

"वय?"

"तुमीच लिवा. साजून दिसन असं."

"अनुभव?"

"लिवा, हाये."

"शिक्षण?" असं विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. मी 'निरक्षर' लिहायला टाक टेकवलाच होता, तर तिनं माझं मनगट धरलं.

"लिवा, चालू हाये."

"काय चालू आहे?"

"शिक्षन. याच साली त शिकली ना मी, का सोड्यानं लाल दोरा इतका सुटते. मले वाटे थोडासाच सुटत असन."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टेची रेघही नव्हती. मी लिहिलं: शिक्षण – चालू.

तीन महिन्यांनी अर्ज परत आला. त्या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं आणि समासात शेरा: 'शिक्षण पूर्ण झाल्यावर पुनश्च अर्ज करावा.' मी संतापानं तो तिला वाचून दाखवला. कचेरीत जाऊन भांडते म्हणाले.

"काऊन?" तिनं विचारलं. "बरोबरच हाये साहेबाचं." आणि मांडीवरच्या दुलईचा पुढचा टाका घातला.

पुढं माझी बदली झाली, वडनेर भोलजीकडं. चार-पाच वर्षांनी पाटलीणबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. हलीमाबी गेली. आदल्या दिवशी सुनेला म्हणत होती, कोपरा कसा वळवावा ते आत्ता कुठं जमायला लागलं.

अर्ज तिनं पुन्हा केला नव्हता.